छायाचित्राची साक्ष

कानांनीं ऐकलेल्यापेक्षां डोळ्यांनीं पाहिलेलें खरें, असा आपल्याकडे एक जुना समज आहे. कॅमेऱ्याचा शोध लागल्यापासून त्या समजास आणखी एक पुस्ती जोडली गेली : डोळ्यांनीं पाहिलेल्यापेक्षां कॅमेऱ्यानें पाहिलेलें अधिक खरें. चित्रकार आपल्या आश्रयदात्याचें नाक थोडें सरळ करील, बखरकार आपल्या धन्याची बाजू सांवरून घेईल, आजीबाई गोष्ट सांगतांना पदरचे चार शब्द घालतील. पण कांचेच्या त्या निर्विकार डोळ्याला ना राग, ना लोभ. समोर जें असेल तें तो टिपतो, अशी लोकांची श्रद्धा. म्हणूनच न्यायालयांत छायाचित्र पुराव्यादाखल ठेवतात, आणि घरोघर भिंतीवरील तसबिरीकडे बोट दाखवून 'तुझे पणजोबा असे होते' असें नातवंडांना सांगतात.

ही श्रद्धा कितपत खरी, हा प्रश्न फ्रान्समधील एका स्त्रीनें पन्नाशी उलटल्यावर हातीं घेतला व पुढें पस्तीस वर्षें तो सोडला नाहीं. तिचें नांव आन्येस वार्दा. विशेष हें कीं, ही शंका घेणारी बाई कॅमेऱ्याची वैरीण नव्हती. तिच्या उपजीविकेची सुरुवातच मुळीं कॅमेऱ्यानें झाली होती. शंका घेतली ती तिनें दुसऱ्या कोणाच्या नव्हे, तर स्वतःच्याच हातच्या एका छायाचित्राविषयीं.

वार्दाबाईंचा जन्म ३० मे १९२८ रोजीं बेल्जममध्यें, ब्रुसेल्सनजीक ईक्सेल येथें झाला. वडील ग्रीक, आई फ्रेंच. १९४० सालीं युद्धाच्या धामधुमींत हें कुटुंब दक्षिण फ्रान्समधील सेत या बंदरांत आलें व एका नौकेवर राहूं लागलें. पुढें पॅरिसला येऊन वार्दाबाईंनीं छायाचित्रणाचें रीतसर शिक्षण घेतलें. प्रसिद्ध नट व नाट्यदिग्दर्शक जाँ विलार यांच्या राष्ट्रीय लोकनाट्यगृहाच्या त्या १९५१ पासून १९६१ पर्यंत छायाचित्रकार होत्या. १९५४ सालीं त्यांनीं आपला पहिला चित्रपट घेतला, आणि मग चित्रपटदिग्दर्शिका म्हणूनच जगानें त्यांना ओळखलें.

पॅरिसमध्यें त्यांचें घर ज्या रस्त्यावर होतें, त्याचें नांव दागेर मार्ग. लुई दागेर हा छायाचित्रणाच्या आद्य शोधकांपैकीं एक. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आयोडिनच्या वाफेवर धरावयाचा, कॅमेऱ्यांत ठेवून त्यावर प्रकाश पडूं द्यावयाचा, आणि पाऱ्याच्या वाफेनें त्यावरील सुप्त चित्र प्रकट करावयाचें, अशी त्याची कृति होती. १९ ऑगस्ट १८३९ रोजीं ती पॅरिसमध्यें जाहीर करण्यांत आली. त्याच्या आदल्याच वर्षीं दागेरनें आपल्या खिडकींतून पॅरिसच्या एका हमरस्त्याचें चित्र घेतलें होतें. तें पाहणारा चकित होतो. कारण भर शहरांतला तो रुंद रस्ता ओस पडलेला दिसतो. गाडी नाहीं, घोडा नाहीं, पादचारी नाहीं. एका कोपऱ्यांत मात्र एक माणूस एक पाय उंच करून उभा आहे.

वस्तुस्थिति अशी कीं, त्या रस्त्यावर वर्दळ होती. परंतु त्या पत्र्यावर चित्र उमटण्यास कित्येक मिनिटें लागत. तेवढ्या अवधींत जें हललें, त्याचा ठसाच उमटला नाहीं. बूट पॉलिश करून घेण्यासाठीं जो एक गृहस्थ स्थिर उभा राहिला, तोच काय तो टिकला. पत्र्यानें एक रेघही खोटी काढली नाहीं. आणि तरीही तें चित्र पाहून 'त्या काळीं पॅरिसचे रस्ते निर्जन असत' असें कोणी म्हणेल, तर तो साफ फसेल. दागेरच्या पत्र्यानें शिकविलेला हा पहिला धडा. छायाचित्र जें दाखवितें तें खरें असूं शकतें, पण जें दाखवीत नाहीं तें नव्हतेंच असें नव्हे. ज्या बाईंनीं पुढें या धड्याचा पाठपुरावा केला, त्यांचें बिऱ्हाड त्याच शोधकाच्या नांवाच्या रस्त्यावर असावें, हा योगायोग मोठा गोड आहे.

आतां वार्दाबाईंच्या त्या छायाचित्राकडे वळूं. तारीख ९ मे १९५४, रविवार. स्थळ, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील एक पुळण. मात्र तेथें वाळू नसून गुळगुळीत गोटेच गोटे. चित्रांत तिघे आहेत. एक पुरुष समुद्राकडे तोंड करून पाठमोरा उभा आहे. एक लहान मुलगा गोट्यांवर बसला आहे. आणि अलीकडे एक मेलेली बकरी पडली आहे. एवढेंच. पण पाहणाऱ्याची नजर तेथून लवकर हलत नाहीं. पाठमोरा पुरुष म्हणजे भविष्याकडे पाहणारा मनुष्य, बकरी म्हणजे मृत्यु, आणि त्या दोहोंमधलें मूल म्हणजे आयुष्याचा आरंभ, असा अर्थ कोणी लावील. दुसरा कोणी निराळा लावील. मुलाचें नांव उलिस. होमरच्या महाकाव्यांत वीस वर्षांनीं घरीं परतणारा जो वीर, त्याचेंच हें फ्रेंच नांव. मुलाचे आईबाप स्पेनमधून आलेले निर्वासित असून दागेर मार्गावर वार्दाबाईंच्या शेजारींच राहत. पुरुष हा त्यांचा एक इजिप्शियन स्नेही.

हें चित्र वार्दाबाईंच्या घरीं वर्षानुवर्षें होतें. रोज दिसणारी वस्तु मनुष्य पाहीनासा होतो, तशांतली गत. परंतु १९८२ सालीं, अठ्ठावीस वर्षांनंतर, त्यांच्या मनांत आलें कीं या चित्राला एकदां साक्षीदारासारखें पिंजऱ्यांत उभें करावें आणि त्याची उलटतपासणी घ्यावी. त्यांतून 'उलिस' याच नांवाचा सुमारें बावीस मिनिटांचा चित्रपट तयार झाला. १९८४ सालीं त्यास फ्रान्समधील सेझार हें पारितोषिकही मिळालें.

या तपासणीची रीत अगदीं साधी होती. चित्रांत जे होते त्यांच्याकडे जावयाचें, चित्र समोर धरावयाचें, आणि विचारावयाचें : हा दिवस तुम्हांला आठवतो काय? तो इजिप्शियन स्नेही आतां प्रौढ झाला होता. त्याला त्या दिवसाचें फारसें कांहीं आठवलें नाहीं. पुढें पाळी आली ती खुद्द उलिसची. बालपणींचा तो मुलगा आतां संसारी गृहस्थ होता. पॅरिसमध्यें त्याचें पुस्तकांचें दुकान होतें. तो चित्राकडे पाहतो, आणि त्याला कांहींच आठवत नाहीं. समुद्र नाहीं, गोटे नाहींत, बकरी नाहीं. तेव्हां वार्दाबाई दुसरा पुरावा पुढें करतात. लहानपणीं याच उलिसनें त्या छायाचित्रावरून आपल्या हातानें एक रंगीत चित्र काढलें होतें, व तें त्यांनीं जपून ठेवलें होतें. आपण तें काढल्याचेंही त्याला स्मरत नाहीं! छायाचित्र सांगतें, तूं तेथें होतास. रंगीत चित्र सांगतें, तूं तें पाहिलें होतेंस. आणि ज्याच्याविषयीं हें सर्व चाललें आहे तो मात्र म्हणतो, असेल बुवा, मला ठाऊक नाहीं.

याहून गंमत म्हणजे वार्दाबाईंनीं तें चित्र एका बकरीलाही दाखविलें, आणि बकरीनें तें खाऊन टाकलें. प्रेक्षक यावर हंसतात; पण त्या हंसण्यांतच मर्म आहे. छायाचित्र हा शेवटीं कागद आहे. त्यांत आठवण आहे असें आपण म्हणतों, तेव्हां ती कागदांत नसून पाहणाऱ्यांत असते. आणि पाहणाऱ्यांत ती नसेल, तर कागदाची किंमत बकरीनें ठरविली तेवढीच.

उलिस खोटें बोलत होता काय? मुळींच नाहीं. स्मृति म्हणजे कुलुपबंद कोठार, त्यांत जें टाकलें तें जसेंच्या तसें बाहेर काढतां येतें, ही कल्पनाच मानसशास्त्रज्ञांनीं फार पूर्वीं टाकून दिली आहे. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनीं १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत हें प्रयोगानें दाखविलें. त्यांनीं इंग्रज विद्यार्थ्यांना अमेरिकेंतील आदिवासींची एक कथा वाचावयास दिली व कांहीं काळानें ती पुन्हां पुन्हां लिहावयास सांगितली. प्रत्येक वेळीं कथा बदलली. कथेंतील लोक सीलची शिकार करावयास निघाले होते, ते साधी मासेमारी करूं लागले. जें परकें व अनाकलनीय होतें तें गळालें, जें ओळखीचें होतें तें शिरलें. आठवणें म्हणजे पुन्हां रचणें, असा त्याचा इत्यर्थ.

या रचण्याच्या कामीं छायाचित्र मोठी मदत करतें; पण ती मदत नेहमीं सत्याच्याच बाजूची असते असें नाहीं. २००२ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. न्यूझीलंड व कॅनडा येथील संशोधकांनीं वीस प्रौढ व्यक्ति घेतल्या. त्यांच्या बालपणींच्या छायाचित्रांतून त्यांची आकृति उचलून ती आकाशांत उडणाऱ्या बलूनच्या पाळण्यांत बेमालूम बसविली. यांपैकीं कोणीही लहानपणीं बलूनमध्यें बसलेलें नाहीं, याची खात्री घरच्यांकडून करून घेतलेली होती. मग तें बनावट छायाचित्र दाखवून तीन वेळां मुलाखती घेतल्या, तेव्हां निम्म्या लोकांना ती न घडलेली सफर थोडीफार आठवूं लागली!

हा प्रयोग आणि उलिसची हकीकत शेजारीं शेजारीं ठेवून पाहावी. तेथें छायाचित्र खोटें, पण आठवण उगवली. येथें छायाचित्र खरें, पण आठवण उगवली नाहीं. म्हणजे छायाचित्राचा खरेपणा आणि आठवणीचा खरेपणा या दोन अगदीं निराळ्या गोष्टी असून एकीवरून दुसरीचा निवाडा करतां येत नाहीं. आजच्या काळांत न घडलेल्या प्रसंगाचें चित्र संगणक क्षणार्धांत रचून देतो, आणि त्यामुळें खोट्या छायाचित्रांची भीति सर्वांना वाटूं लागली आहे. ती योग्यच आहे. परंतु वार्दाबाईंचा प्रश्न त्याहून खोल होता. ज्या छायाचित्रांत कसलीही लबाडी नाहीं, जें आपण स्वतः घेतलें, तें तरी आपल्याला काय सांगतें?

त्यांनीं आणखी एक गोष्ट केली. ९ मे १९५४ च्या सुमारास जगांत काय चाललें होतें, हें त्या काळच्या वार्तापटांतून शोधून काढलें. दोनच दिवसांपूर्वीं, ७ मे रोजीं, व्हिएतनाममधील दिएन बिएन फू येथें फ्रेंच सैन्याचा निर्णायक पराभव झाला होता. जिनीव्हा येथें राष्ट्राराष्ट्रांची परिषद चालू होती. साऱ्या फ्रान्समध्यें त्या पराभवाची चर्चा चालली असेल, तेव्हां या किनाऱ्यावर एक तरुणी गोटे, मूल आणि बकरी यांची मांडणी न्याहाळीत होती. छायाचित्रांत त्या पराभवाची सांवलीदेखील नाहीं. दागेरच्या पत्र्यावर जशी गाडीघोड्यांची वर्दळ उमटली नाहीं, तशी येथें इतिहासाची वर्दळ उमटली नाहीं.

मग छायाचित्राची साक्ष अगदींच निकामी समजावी काय? तसें म्हणतां येत नाहीं, कारण या तपासणींत एक साक्षीदार असा निघाला कीं त्यानें सारा रंग पालटला. ती उलिसची आई. त्या वेळीं मुलाच्या पायाला दुखणें होतें. त्याला धड चालतां येत नसे. मुलगा तो काळ विसरला; आई विसरली नाहीं. तिच्या मनांतली त्या दिवसांची काळजी अठ्ठावीस वर्षांनींही ताजी होती. तिचें बोलणें ऐकल्यावर प्रेक्षक पुन्हां त्या चित्राकडे पाहतो, आणि आतां तेथें जीवन व मृत्यु यांचें रूपक दिसत नाहीं. दिसतें तें गोट्यांवर बसलेलें एक आजारी मूल. तें बसलें आहे, कारण उभें राहणें त्याला जड जात होतें. ही गोष्ट छायाचित्रांत पहिल्या दिवसापासून होती. पण कोणीतरी सांगेपर्यंत ती दिसत नव्हती. आईला विचारलें नसतें, तर ती कायमची न दिसतीच.

चित्र तेंच राहतें, पण शेजारच्या शब्दानें त्याचा अर्थ बदलतो, हें एकदां ध्यानांत आल्यावर वार्दाबाईंनीं लागलीच १९८३ सालीं फ्रेंच दूरदर्शनासाठीं एक मालिका केली. त्यांत १७० छायाचित्रें एकेक करून दाखविलीं. पडद्यावर चित्र स्थिर राही आणि त्याविषयीं कोणाचा तरी आवाज ऐकूं येई. बोलणारा कोण, हें शेवटीं कळे. कोणी लेखक, कोणी कारागीर, कोणी साधा नागरिक. बोलणाऱ्याचा मान आधीं ठाऊक नसल्यामुळें ऐकणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनीं पाहणें भाग पडे.

वयाच्या पंचाहत्तरीनंतर हाच प्रश्न त्यांच्यापुढें अधिक भीषण रूपानें उभा राहिला. टोरोंटो येथील इदेसा हेन्डेलेस या संग्राहक बाईंनीं जुनीं कौटुंबिक छायाचित्रें हजारोंनीं जमविलीं होतीं. अट एकच : प्रत्येक चित्रांत कोठें तरी कापडी अस्वल, म्हणजे ज्यास टेडी बेअर म्हणतात तें खेळणें, असलें पाहिजे. जर्मनींत म्युनिक येथील एका कलागृहांत, जें नाझी राजवटींत १९३७ सालीं उघडलें होतें, हीं चित्रें जमिनीपासून छतापर्यंत लावलीं होतीं. तीं पाहतां पाहतां वाटूं लागे, कीं त्या काळीं घरोघर हें खेळणें होतें आणि सारें जग सुखी होतें. एकही चित्र खोटें नव्हतें. पण त्यांच्या बेरजेंतून उभें राहणारें जग खोटें होतें. आणि शेवटच्या रिकाम्या दालनांत एक शाळकरी मुलगा गुडघे टेकून पाठमोरा बसलेला दिसे. पुढें जाऊन पाहावें, तों त्याचा चेहरा हिटलरचा! तो इटालियन शिल्पकार मावरित्सियो कातेलान याचा पुतळा होता. हेन्डेलेसबाईंचे आईवडील आउश्वित्सच्या छळछावणींतून वांचलेले होते, हें कळल्यावर त्या हंसऱ्या कुटुंबांकडे पूर्वीच्या नजरेनें पाहणें अशक्य होतें. त्यांतले किती वांचले असतील, हा एकच प्रश्न उरतो. वार्दाबाईंनीं २००४ सालीं यावर चित्रपट केला.

त्यांच्या या दीर्घ तपासाचा शेवटचा प्रसंग २०१७ सालच्या 'व्हिजाझ व्हिलाझ' या चित्रपटांत आहे. नांवाचा अर्थ 'चेहरे आणि खेडीं'. तेव्हां वार्दाबाई अठ्ठ्यांऐशी वर्षांच्या होत्या. नेत्रविकारामुळें त्यांना अंधुक दिसूं लागलें होतें. जे. आर. या नांवानें प्रसिद्ध असलेला, त्यांच्याहून पंचावन्न वर्षांनीं लहान असा एक कलावंत त्यांच्या सोबतीस होता. लोकांचीं भव्य छायाचित्रें काढून तीं भिंतींवर चिकटविणें ही त्याची कला. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन सैन्याचा एक कॉंक्रीटचा बुरूज कड्यावरून कोसळून पुळणींत तिरपा पडला होता. त्यावर त्यांनीं गी बूर्दां याचें एक छायाचित्र प्रचंड आकारांत चिकटविलें. बूर्दां हा पुढें नामांकित छायाचित्रकार झाला व १९९१ सालीं वारला; हें चित्र वार्दाबाईंनीं त्याच्या तरुणपणीं, १९५४ सालींच, घेतलेलें होतें. युद्धाच्या त्या अवशेषावर जणूं पाळण्यांत पहुडल्यासारखा तो तरुण दिसूं लागला. रात्रीं भरती आली. सकाळीं येऊन पाहतात, तों कागदाचा मागमूस नाहीं. समुद्रानें सारें धुऊन नेलें होतें.

दुसरा कोणी असता तर त्यानें चित्र टिकविण्याचा उपाय शोधला असता. वार्दाबाईंनीं तसें केलें नाहीं. चित्र गेलें हेंच त्यांनीं चित्रपटांत दाखविलें. दोन वर्षांनीं, २९ मार्च २०१९ रोजीं, पॅरिसमध्यें त्यांचें देहावसान झालें.

या बाईंच्या प्रश्नांतून जें निष्पन्न होतें तें थोडक्यांत असें सांगतां येईल. छायाचित्र ही साक्ष आहे, पण ती अल्पाक्षरी साक्ष आहे. 'हें समोर होतें' एवढेंच तें बोलतें. कोण, कां, आधीं काय आणि पुढें काय, हें त्याला विचारून उपयोग नाहीं. तें माणसांना विचारावें लागतें. माणसें विसरतात, एकमेकांच्या विरुद्ध सांगतात, कधीं पदरचेंही घालतात. तरीही विचारावें, कारण कागद आणि माणूस या दोन अपुऱ्या साक्षींच्या मधोमधच सत्याची कांहीं चाहूल लागते.

आणि हें विचारणें वेळेवर झालें पाहिजे. घरोघरच्या कपाटांत अशीं कितीतरी छायाचित्रें पडून आहेत कीं ज्यांतला मागच्या रांगेंतला मुलगा कोण, कडेला बसलेल्या बाई कोणाच्या, हें सांगणारें एखादेंच माणूस आतां उरलें आहे. छायाचित्राच्या पाठीवर नांवें व साल लिहून ठेवणें हें चांगलें काम आहे. पण त्या दिवशीं घरांत कशाची काळजी होती, हें त्या माणसाच्या तोंडून ऐकणें त्याहून महत्त्वाचें. उलिसच्या आईला अठ्ठावीस वर्षें कोणी विचारलें नव्हतें. विचारल्याबरोबर तिनें सांगितलें. सांगणारें माणूस घरांत आहे तोंवर भिंतीवरची तसबीर खालीं काढून एकदां त्याच्या हातीं द्यावी.